गाडीच्या नाकावरचा दुपट्टा

परतवाड्याच्या आमच्या गल्लीत सकाळ व्हायची ती मावसाजींच्या गाडीच्या खोकल्यानं. पहिल्या खोकल्याला समोरच्या घरी दूध तापायला चढायचं, दुसऱ्याला शेजारचा मुलगा पांघरूण डोक्यावर ओढायचा आणि तिसऱ्याला गाडी एकदाची सुरू होऊन मागून असा काळा ढग सोडायची, की मावशी दोरीवरचे कपडे आधीच काढून उभी असायची. डिझेलची गाडी, रंग एके काळी पांढरा. किती किलोमीटर झाले ते सांगणारा काटा मी यायच्या कितीतरी आधी एका आकड्यावर बसला होता तो बसलाच. ‘तिनं मोजनं सोडलं, चालनं नाई सोडलं,’ असं मावसाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगत. मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. गाडी भाड्यानं जायची. कोणाचं लग्न, कोणाचा अमरावतीचा दवाखाना, कोणाची चिखलदऱ्याची सहल, आणि रानात गोवऱ्यांच्या विस्तवावर रोडगे भाजायला निघालेली अख्खी कुटुंबं, कणकेच्या परातीसकट. घर त्या गाडीवर चालायचं, आणि त्या घरात मी होते.

मी कोकणातली. देवगडच्या बाजूला एका खाडीकाठच्या वाडीत आमचं घर. बाबा एका यांत्रिक होडीचं इंजिन सांभाळत आणि मी शाळेत कमी नि त्या होडीत जास्त असे. आठवीत गणितानं मला दुसऱ्यांदा घरी पाठवलं, त्याच साली होडी विकली गेली आणि आम्ही चार भावंडं एकदम खूप जास्त वाटायला लागलो. मावशीनं पत्र धाडलं, ‘मंदाला माझ्याकडे द्या.’ ही मावशी परतवाड्याला पोचली त्याची गोष्टही गाडीचीच आहे. मावसाजी तरुणपणी कुणा अमरावतीकर कुटुंबाला कोकण दाखवायला घेऊन आले, वाडीपाशी गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, दुरुस्तीला आठवडा लागला. त्या आठवड्यात त्यांनी मासे एकदाही खाल्ले नाहीत आणि मावशीला मात्र पसंत केलं. ‘पाटा तुटला नसता तं म्या सुखात असतो,’ असं ते तिच्या देखत म्हणत, आणि मावशी ‘आणि माकां मासे मिळाले असते’ म्हणून भाकरी जरा जोरात थापत असे.

त्या घरानं मला काही कमी केलं नाही. पण न मागता मिळालेल्या जागेवर नीट टेकून बसता येत नाही. मी सगळ्यांच्या आधी उठे, अंथरूण असं दुमडून ठेवी की इथे कुणी झोपलं होतं हे कळू नये. जेवणात तिखट असं असे की डोळ्यांतून धार लागायची. शेवेची भाजी, पातोडी, अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर. पण ‘तिखट आहे’ म्हणायची माझी छाती नव्हती. मावसाजी पाहत आणि विचारत, “काहून व मंदे, रडून राहिली? घरची याद आली का भाजीची?” मी म्हणे, “घरची.” “मंग घे अजून थोडीशी याद,” म्हणून ते वाटी भरत. आज माझी नातवंडं माझ्या हातचं खाऊन पाण्याचे तांबे रिकामे करतात तेव्हा मला त्या वाट्या आठवतात, आणि मीही त्यांना अजिबात दया दाखवत नाही.

उन्हाळा मी कोकणात पाहिला होता असं मला वाटायचं. वऱ्हाडात आल्यावर कळलं की तो नुसता घाम होता. इथे दुपारी अकरानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसे. घरोघरी कुलर घरघरत, त्यांच्या जाळ्यांत वाळा भरलेला, वाळ्यावर पाणी, आणि सगळ्या गल्लीला त्या ओल्या वाळ्याचा वास. बाहेर पडायचंच झालं तर नाकातोंडावरून, कानांवरून दुपट्टा गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून. मावसाजींच्या मनात घर आणि गाडी असा भेद नव्हता. त्यांनी कुलरवाल्याकडून मापानं वाळ्याची ताटी बनवून घेतली होती आणि ती गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढ्यात, तारेनं बांधली होती. निघण्यापूर्वी ते तिच्यावर तांब्यानं पाणी शिंपडत. एवढंच नाही. बॉनेटच्या आत इंजिनात हवा जायची जी नळी असते, तिच्या तोंडाला त्यांनी जुना दुपट्टा बांधला होता. मागच्या गल्लीत जिनिंग होतं. हंगामात तिथून सरकीच्या धुळीबरोबर कापसाचे तंतू उडत येत. दुपट्टा मळला की त्यावर दुसरा, तो विटला की तिसरा. खालचा काढायचं कधी कुणाला सुचलं नाही.

मी एकदा घाबरत घाबरत विचारलं, “मावसाजी, हे कशाला?”

“आपून उन्हात निंगतो तं नाकाले बांधतो का नाई?”

“बांधतो.”

“मंग तिले नाक नाई का? तुले बांधाव, मले बांधाव, अन् कमावतीले उघडी धाडाव?”

 यावर उत्तर होतं, पण ते मी नव्हे, माझ्या बाबांनी द्यायचं होतं. होडीचं इंजिन रुसलं की बाबा पाना हातात घेण्याआधी मला म्हणायचे, “आधी वारो बघ, मगे तेल, मगे पाणी.” हवा मोकळी आहे का, डिझेल स्वच्छ आहे का, थंड करणारं पाणी फिरतंय का. दहांपैकी नऊ वेळा पाना लागतच नसे. मावसाजींच्या गाडीचा काळा धूर आणि तो दमेकऱ्यासारखा आवाज ऐकून मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं की हिला वारा मिळत नाही. पण आठवी नापास मुलीनं, जिला ज्या घरात पोटभर वाढतात, त्या घरच्या मालकाला सांगावं की तुम्ही तुमच्या गाडीचं नाक दाबून धरलं आहे? मी भांडी घासली.

त्या उन्हाळ्यात गाडी चिखलदऱ्याच्या घाटात बसली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी रोडग्यांची पंगत होती. दोन बायका, तीन मुलं, एक आजोबा आणि वांग्यांचं पोतं. घाटाच्या मध्यावर वाफेचा फवारा उडाला. बायका उतरल्या, मुलं उतरली, शेवटी वांगी उतरली. आजोबा मात्र आतच बसून म्हणाले म्हणे, “म्या काहून उतरू? हे तं माह्यापेक्षा म्हातारी हाय, हिलेच उतरवा.” ही गोष्ट मावसाजींच्या आधी गल्लीत पोचली. दुसऱ्या दिवसापासून पोरं गाडीला ‘आजीबाई’ म्हणायला लागली आणि दोन ठरलेली भाडी दुसऱ्या जीपवाल्याकडे गेली.

मावसाजी गाडी रशीद मिस्त्रींकडे घेऊन गेले. बाजाराच्या टोकाला त्यांचं गॅरेज. पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी सुतळीची, आणि इंजिनाला कान लावून ऐकायची सवय. मी डबा द्यायला गेले होते म्हणून मला हे पाहायला मिळालं. मिस्त्रींनी गाडी सुरू केली, कान लावला आणि म्हणाले, “भाऊसाब, इसकू कुछ नई हुआ. थोडी खासती, लेकिन उमर के हिसाब से अच्छी है. बीमारी गाडी में नई, तुम्हारे घाट में है.” मावसाजींचा चेहरा पडला. आणि मी पाहिलं की गाडीच्या तोंडाशी ताटी नव्हती. नळीवर दुपट्टेही नव्हते. मिस्त्रीकडे न्यायची म्हणून मावसाजींनी सगळं सोडून, धुऊन, घरी दोरीवर वाळत घातलं होतं. लेकराला डॉक्टरकडे नेताना आपण तोंड धुऊन, पावडर लावून नेतो तसं. घरी आल्यावर तेच सगळे दुपट्टे, तेही आता स्वच्छ, ओळीनं पुन्हा नळीवर चढले. आणि मिस्त्रीलाही जो आजार सापडत नाही तो म्हातारपणाचाच, असं मावसाजींनी मनाशी नक्की करून टाकलं.

दोन दिवसांनी भाकरी थापता थापता माजघरातलं बोलणं माझ्या कानावर आलं. मावसाजी म्हणत होते, “तेल्हाऱ्याचा गिऱ्हाईक हाय. रविवारी पाह्यले येते. जबान देली त्याले. चालवून पाहा म्हनलं, पसंत पडली तं तुमची.”

“आणि आपण?” मावशीनं विचारलं.

“अकोल्याले. दादाच्या दुकानावर. मांगं एक खोली हाय म्हनते तो. दोघं मावतो.”

“आणि मंदा?”

 मावसाजी हळू म्हणाले, “पोट्टीले तिच्या घरी पोचवा लागन.”

तव्यावरची भाकर करपली. त्या घरात माझ्या हातून करपलेली ती पहिली भाकर, आणि ती मीच खाल्ली. घरी जायचं म्हणजे कुठे, हे मला माहीत होतं. भावाचं पत्र नुकतंच आलं होतं. बाबा कुणाच्या तरी जाळ्यावर रोजानं जात होते आणि माझ्या कोपऱ्यात आता धाकटीची पथारी होती. बायकी अकलेनं, खरं तर पोरीबाळीच्या अकलेनं, मी हिशेब केला. गाडी बसते म्हणून विकतात. बसली नाही तर कशाला विकतील?

शुक्रवारी दुपारी मावसाजी जेवून कुलरपुढे आडवे झाले. घोरणं लागलं तशी मी बाहेर आले. अंगणात पाय ठेवला तर चपलेतून चटका. लिंबाच्या सावलीत गाडी उभी होती. आधी वारो. मी ताटी सोडली. मग दुपट्टे सोडायला घेतले. पहिला हिरव्या किनारीचा, दुसरा चौकड्यांचा, तिसरा मावशीच्या पातळाचा तुकडा निघाला. त्याखालचं हवेचं डबडं उघडलं तर आत कापूस. म्हणजे वाकळ भरता येईल इतका नाही, पण बाहुलीची गादी सहज झाली असती. दुपट्ट्यांच्या आधीच्या हंगामांतला असणार. तो उपसला, जाळी रॉकेलमध्ये धुतली, डबड्याच्या तळाचं काळं झालेलं तेल बदलून नवं ओतलं. रेडिएटरच्या पत्र्यांत कापूस आणि किडे एकमेकांना धरून बसले होते. ते दात घासायच्या जुन्या ब्रशनं, पत्रे वाकणार नाहीत असे, आणि आतल्या बाजूनं बाहेर पाणी मारून काढले. मग तेल. डिझेलच्या फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सोडला तर आधी चक्क पाणी आलं, मग चहाच्या गाळासारखा गाळ. बुडाची वाटी काढून पुसली, परत लावली. शेवटी पाणी, रेडिएटरमध्ये काठोकाठ. सगळ्याला लागलं काय? घरातलं अर्धी बाटली रॉकेल, डब्यातलं तेल, एक ब्रश आणि माझा परकर, जो पुन्हा नेसण्यालायक राहिला नाही.

हात धुऊन मी किल्ली फिरवली. गाडी घरघरली आणि गप्प. पुन्हा फिरवली. गप्प. तिसऱ्यांदा तर नेहमीचा खोकलाही नाही. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. निदान खोकत तरी होती. आता मी ती मारूनच टाकली. रविवारी तेल्हाऱ्याचा माणूस येईल आणि मावसाजी भंगारवाल्याला बोलावतील, आणि मला बसमध्ये बसवताना काही बोलणार नाहीत. बोलले असते तर बरं, असे ते होते.

“काय गो करतंस?” मागून मावशी. घामानं भिजलेली, डोळे झोपेनं सुजलेले. तिनं बॉनेट पाहिलं, बादली पाहिली, दोरीवर टाकलेले तीन दुपट्टे पाहिले. मला वाटलं, आता ओरडेल. ती म्हणाली, “बापाशीचीच चेडू तू. मेल्ये, फिल्टर उघडलंस तर वारो आत गेलो असतलो ना नळीत?”

तीही त्याच खाडीची. मी विसरलेच होते. डिझेलच्या नळीत हवा शिरली की डिझेल पुढे सरकत नाही, ती हवा हातानं काढावी लागते. होडीवर हे काम माझंच असायचं आणि नेमकं तेच भीतीनं डोक्यातून गेलं होतं. मी फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल केला, मावशी फिल्टरजवळचा लहानसा हातपंप दाबत राहिली. फसफस फेस आला, मग बुडबुडे, मग थोडे बुडबुडे, मग नुसतं स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळला. किल्ली फिरवली. एका दमात गाडी लागली. न खोकता. आवाज असा सरळ, की समोरच्या घरची बाई दारात येऊन म्हणाली, “काहून व, नवी गाडी घेतली का?”

आणि मावशीच्या मागे मावसाजी उभे होते. बनियन, कपाळावर चटईच्या रेषा. त्यांनी दोरीकडे पाहिलं. “माह्या गाडीचे दुपट्टे कोनं काढले?”

“मी,” मी म्हणाले. ते पुढे आले, मला खाली उतरवलं, स्वतः बसले आणि गाडी घेऊन गेले. तासाभरानं परतले. बॉनेटवर हात ठेवून पाहिला, चटका बसला नाही. मला वाटलं आता हसतील. ते ओसरीवर बसले आणि म्हणाले, “अर्ध्या घाटापावतर गेलतो. तिसऱ्या गिअरात चढली.” मग पायांकडे पाहत म्हणाले, “आता तं तेल्हाऱ्यावाला ठेवूनच नाई जात. घेऊनच जाईन.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी आजारी गाडी बरी करून पाहुण्याच्या हातात दिली होती. मावसाजींनी दिलेला शब्द फिरायचा नाही, हे परतवाड्यात लहान पोरालाही माहीत होतं. शनिवारी मी माझी पिशवी शोधली. सापडेना. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, “त्यात मी कांदे भरलेत,” आणि तोंड फिरवून पुन्हा कांदे निवडायला लागली. कांदे मात्र तिच्यासमोर नव्हते.

रविवारी तेल्हाऱ्याचे पाहुणे आले. मोठे कास्तकार, पांढरे कपडे, सोबत मेव्हणा. मावशीनं कांदेपोहे केले. चहा झाला. मुलगी दाखवायचा कार्यक्रम असावा तसे सगळे जपून बोलत होते. पोह्यांच्या बश्या मी नेल्या आणि बाहेर पाहिलं, तर गाडीच्या तोंडाशी वाळ्याची ताटी. ओली, टपटप गळणारी. बॉनेट उघडंच होतं, आणि नळीवर दुपट्टे, घट्ट गाठ मारून. माझे डोळे भरून आले. म्हणजे अर्ध्या घाटापर्यंत जाऊनही यांचा माझ्यावर विश्वास बसला नाही. मला त्या क्षणी गाडीचं, घराचं काही नाही, याचंच वाईट वाटलं.

पाहुण्यांनी ताटी पाहिली, दुपट्टे पाहिले आणि खूश झाले. “वा भाऊ! लेकरासारखी जपली तुमी. म्याही माह्या ट्रॅक्टरले असंच करतो म्हना.”

“जीव हाय ना तिले बी,” मावसाजी म्हणाले. “चालवून पाहा. घाटापावतर न्या. खरं काय ते तिथंच समजते.”

मेव्हणा चालवायला बसला, पाहुणे शेजारी, मावसाजी मागे. गेले. आम्ही दोघी ओसरीवर. मावशीच्या मांडीवर सूप होतं आणि त्यात तांदूळ नव्हते. दीड तासानं गाडी आली ती आमच्या ओळखीच्या खोकल्यासकट, बॉनेटमधून वाफ काढत, मागे काळा ढग. पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांची इस्त्री गेली होती. बहुतेक त्यांना ढकलायला उतरावं लागलं होतं. ते फार सभ्य माणूस. म्हणाले, “भाऊ, तुमच्या जपन्यात काई कमी नाई. पन वय झालं तिचं.”

“हाव,” मावसाजी म्हणाले. “वयापुढं कोनाचं चालते बाप्पा.”

“राग नका मानू. आमाले नाई जमत.”

“राग कायचा? पसंत पडली तं तुमची, म्हनलं होतं. नाई पडली. शबूद तिथंच संपला.” आणि त्यांना बसस्टँडपर्यंत सोडायला मावसाजी पायी गेले. गाडीनं सोडतो म्हणाले होते, पण पाहुणेच नको म्हणाले.

परतल्यावर त्यांनी मला हाक मारली. बॉनेट उघडून दुपट्टे सोडायला लागले. हिरव्या किनारीचा, चौकड्यांचा, पातळाचा तुकडा. मग चौथा, मी कधी न पाहिलेला. आणि त्याखाली पाचवा, तो तर त्यांच्या स्वतःच्या डोक्यावरचा, रोजचा. माझ्या हातावर एकेक टाकत ते म्हणाले, “तीन बांधले असते तरी चढली असती. तुनं लय साफ करून ठेवली. म्हून पाच बांधा लागले.”

 मावशी हसता हसता सुपावर वाकली.

“धुऊन टाक हे,” ते म्हणाले. “अन् परत बांधू नको तिले. अकोल्याले कोन जाते बाप्पा, तिथं लय ऊन.”

रशीद मिस्त्रींना पुढे हे कळलं तेव्हा ते दाढी कुरवाळत म्हणाले, “बेटी, मेरे पास आती रह. लेकिन तेरे मावसाजी को मत लाना.” मी जात राहिले. ती गाडी पुढे बरीच वर्षं घाट चढली. दर महिन्याला मी वारा, तेल, पाणी पाहायची आणि मावसाजी खुर्ची टाकून बसून मला चुका सांगायचे, त्यांतल्या बहुतेक त्यांच्याच असत. आता अमरावतीत माझ्या मुलाच्या गाडीत कशाला काय झालं ते दिवे लागून कळतं. तरी तो गाडी सुरू करतो तेव्हा मी जिन्यात थांबून कान लावते. सून म्हणते, “आई, तुमी काय ऐकून राहिल्या?” मी म्हणते, “काही नाही, दम घेतेय.” कोण दम घेतंय ते मी सांगत नाही.

त्या रविवारी संध्याकाळी मात्र मावसाजी गाडीच्या तोंडची ताटी सोडून आत घेऊन आले. माझी पथारी असायची त्या खोलीला एकच बारकी खिडकी होती, पश्चिमेची, आणि दुपारी ती भट्टीसारखी तापे. मी कधी बोलले नव्हते. ताटी दोन बोटं मोठी झाली. त्यांनी कडेचा वाळा कात्रीनं कापला, खिळे ठोकले, तांब्यानं पाणी शिंपडलं आणि मावशीला ओरडून सांगितलं, “पोट्टीच्या खिडकीले रोज दोनदा पानी मारत जाय. हिले नाक हाय.”